पार्श्वभूमी : पास पाजवणं, शस्त्रं परजणं आणि कौशल्याला धार

प्रशिक्षणाच्या जाहिरातींत कौशल्यांना ‘धार लावतात’, निवडणुकीच्या बातम्यांत पक्ष शस्त्रं ‘परजतात’. विदर्भातल्या खेड्यात मात्र विळ्या-कुऱ्हाडीचं हे काम ‘पाजवणं’ म्हणून ओळखलं जातं. छापील मराठीत या क्रियापदाला जागा क्वचितच मिळाली.

ही तीन क्रियापदं एकमेकांच्या जागी सर्रास वापरतात, पण ती कामं वेगवेगळी आहेत. धार लावणं म्हणजे दगडावर, कानसीवर किंवा सहाणेवर लोखंड घासणं. परजणं म्हणजे तलवार उगारून फिरवणं. त्यात धारेला हातही लागत नाही. बातमीदारांनी हा शब्द ‘सज्ज होणे’ या अर्थानं इतका रुळवला की त्याचा मूळ अर्थ आता शब्दकोशापुरताच उरला आहे. पाजवणं हे भात्याचं काम. पातं लाल होईस्तोवर तापवायचं, ऐरणीवर ठोकून कड पातळ करायची आणि शेवटी पाणी द्यायचं. घासलं की लोखंड कमी होतं, ठोकलं की ते पसरतं. पास, म्हणजे औताचं मातीत चालणारं आडवं पातं, वर्षानुवर्षं पाजवता येते ती त्यामुळे. ती फारच आखूड झाली की खाती तिला नवं पोलाद चढवून देत असे. (वऱ्हाडात लोहाराला खातीच म्हणतात.) वापर असा : “मिरग लागाच्या आंधी पास पाजवून आन”, “इया पाजवला काय?”, “कुऱ्हाड बोथी झाली, पाजवा लागते.”

हा शब्द आला कुठून, याचा गुंता अजून सुटलेला नाही. एक मत त्याला ‘पाजळणे’शी जोडतं. दिवा पाजळतात, मशाल पाजळतात, शस्त्रंही पाजळतात. या शब्दाचं नातं संस्कृतातल्या प्रज्वलनाशी. शहरातल्या वाचकाला हे चटकन पटतं, कारण ‘अक्कल पाजळू नको’ हे त्याच्या रोजच्या तोंडचं वाक्य आहे. पण वऱ्हाडीत ळ चा य होतो. डोळा डोया होतो, काळी कायी होते, विळा इया होतो. त्या हिशेबानं पाजळणंचं ‘पाजयनं’ व्हायला हवं होतं, खात्याच्या तोंडी मात्र स्वच्छ ‘व’ आहे. दुसरं मत पाणी पाजण्याचं. तापलेलं पातं पाण्यात बुडवलं की ते कडक होतं, म्हणजे लोखंडाला पाणी पाजलं. सुश्रुतसंहितेत शल्यकर्माच्या शस्त्रांसाठी ‘पायना’ सांगितली आहे आणि ती तीन प्रकारची : क्षारात, पाण्यात आणि तेलात. पायना म्हणजे पाजणंच. हे दुसरं मत जास्त वजनदार वाटतं. त्यावर एक आक्षेप राहतो : पाजवण्यात वेळ आणि घाम जातो तो ठोकण्यात, पाणी तर क्षणभराचं. तरीही नाव पाण्यावरून पडलं असेल तर नवल नाही. ठोकायला कोणीही शिकतो, पाणी किती द्यायचं ते खात्यालाच कळतं. जास्त दिलं तर धारेचे टवके उडतात, कमी दिलं तर ती वळते.

पुस्तकी मराठी पुणे-कोकणाकडे घडत होती तेव्हा हा मुलूख त्या प्रांतात नव्हताच. वऱ्हाड १८५३ मध्ये निजामाकडून इंग्रजांच्या ताब्यात आला, १९०३ मध्ये मध्य प्रांताला जोडला गेला, आणि मुंबई राज्यात विदर्भ आला तो थेट १ नोव्हेंबर १९५६ ला. तोवर पाठ्यपुस्तकांनी ‘धार लावणे’ पक्कं करून टाकलं होतं. कारागिराचा शब्द बोलीच्या खात्यात टाकून मोकळं होण्याची ती सवय अजूनही गेलेली नाही.

लोखंड मात्र या मुलखाला परकं नव्हतं. चंद्रपूरकडे लोहारा, देवळगाव भागात स्थानिक भट्ट्यांत ते गाळलं जात असे. रेल्वेनं विलायती लोखंड आणलं आणि त्या भट्ट्या विझल्या. खाती टिकला, कारण त्याचा व्यवहार गावाशी होता : औतामागे ठरलेलं धान्य, आणि वर्षभराचं पाजवणं त्यातच. नागपूरकडची मालगुजारी (तिकडची जमीनदारी) ३१ मार्च १९५१ ला संपली. पुढे बलुतं रोखीत बदलत गेलं तसा पाजवण्याला नगाचा भाव आला. ट्रकच्या जुन्या कमानपाट्यांचं पोलाद मिळू लागल्यावर विळे-कोयते त्याचेच घडू लागले.

खरा फरक गेल्या पंचवीस वर्षांतला. २००२ मध्ये बीटी कापसाला परवानगी मिळाली. पुढे तणनाशकं गावोगावच्या दुकानांत आली आणि डवऱ्याचे, म्हणजे पिकातलं तण काढणाऱ्या बैलाच्या औताचे, फेर घटले. २०१९ च्या जूनमध्ये अकोला जिल्ह्यात शेतकऱ्यांनी परवानगी नसलेलं तणनाशक-सहनशील कापसाचं बियाणं उघडपणे पेरलं. त्यावर बियाण्याच्या, कायद्याच्या, पर्यावरणाच्या अंगानं भरपूर चर्चा झाली. डवरणी थांबली तर खात्याकडे काय उरेल, हा प्रश्न त्यात फारसा कुणी घेतला नाही.

त्यातच हातातलं ग्राइंडर आलं. बाजाराच्या दिवशी मिनिटभरात कड चकाकते, पण पातं तापून निळं पडलं की दिलेलं पाणी उतरतं आणि धार चार दिवसांत बसते. ट्रॅक्टरच्या कल्टिव्हेटरचा फाळ तर पाजवतच नाहीत. एक टोक झिजलं की उलटा करून बसवतात, दुसरंही झिजलं की बदलतात. रोटाव्हेटरचं पातं बोल्ट काढून सरळ भंगारात जातं. पाजवायला आता मुख्यतः विळे, कुऱ्हाडी आणि जिथे बैलजोडी आहे तिथली पास एवढंच येतं, तेही मिरगाच्या तोंडावर.