तांबड्या पेशीच्या हातातलं खोकं

पावसाळा सरत आला की नागपुरात ख्यालीखुशाली विचारायची पद्धतच बदलते. कोणी तापाने पडलंय असं कळलं की पुढचा प्रश्न ठरलेला: ‘प्लेटलेट किती?’ दीड लाखाच्या वर असल्या तर घर निवांत. लाखाखाली उतरल्या की कोणी पपईचा पाला शोधायला निघतं, कोणी बर्डीच्या बाजारातून किवी घेऊन येतं. मागे आमच्या घरी हा आकडा ४८ हजारांवर आला, तेव्हा सातवीतल्या भाच्याने मोबाइलमधून मान वर न करता विचारलं, ‘म्हणजे मामाचे पोट्टे कमी झाले का?’

पोट्टे, म्हणजे पोरं, हे त्याने नुकत्याच पाहिलेल्या जपानी कार्टून मालिकेतल्या रक्तपट्टिकांचं, म्हणजे प्लेटलेटचं नाव. निळसर टोप्या घातलेली बालवाडीची पोरं, रांगेने चालणारी, रक्तवाहिनीला भोक पडलं की जाळं ओढून ते बुजवणारी. बाळबोध वाटतं, पण चित्र बरोबर आहे. रक्तपट्टिका म्हणजे रक्तातली सगळ्यांत लहान मंडळी, दोन-तीन मायक्रोमीटरची, आयुष्य जेमतेम आठ-दहा दिवसांचं. जाळं म्हणजे फायब्रिन, रक्त गोठवणाऱ्या प्रथिनाचे धागे. मालिकेच्या दुसऱ्या पर्वात डेंग्यूवरही एक गोष्ट आहे, त्यामुळे भाच्याला आजाराची ओळख आमच्याआधीच झालेली होती.

मालिकेचं जपानी नाव ‘हताराकु साइबो’, म्हणजे कामावरच्या पेशी. बाहेरच्या देशांत ती ‘सेल्स अॅट वर्क’ म्हणून गेली. पेशींना हात-पाय, टोप्या आणि स्वभाव देण्याची ही खोड मात्र कार्टूनवाल्यांच्या कितीतरी आधीची. ती लावली डॉक्टरांनी.

देह म्हणजे नऊ दारांचं नगर ही कल्पना आपल्याकडे जुनीच, पण त्या नगरात रहिवासी एकटाच, आत्मा. बाकी सगळं त्याचं घर. १६६५ साली रॉबर्ट हूकने बुचाचा पातळ काप भिंगाखाली धरला आणि त्यात दिसलेल्या कप्प्यांना ‘सेल’ म्हटलं, म्हणजे कोठडी. कोठड्या रिकाम्या होत्या. बूच मेलेलं असतं, आत कोणी सापडणार कसं? नगरात खऱ्या अर्थाने वस्ती झाली ती १८५८ मध्ये, जर्मन डॉक्टर रुडॉल्फ विरशोने पेशींच्या विकृतीवरचा आपला ग्रंथ काढला तेव्हा. शरीर म्हणजे पेशींचं राज्य आणि प्रत्येक पेशी त्यातली नागरिक, असं तो सांगत असे. हा माणूस नुसता प्रयोगशाळेतला नव्हता. १८४८ मध्ये सायलेशिया प्रांतात टायफस तापाची साथ पाहून आला आणि रोगाचं मूळ गरिबी आणि वाईट कारभारात आहे असं सरकारलाच लिहून दिलं. त्याच वर्षी बर्लिनच्या उठावात तो रस्त्यावर होता. नागरिकाचे हक्क मागणाऱ्याला सूक्ष्मदर्शकातही नागरिकच दिसले, यात मला तरी नवल वाटत नाही. पेशींना पुढे जी जी सोंगं मिळाली, ती देणाऱ्याच्या काळातून आली.

नागरिकांतून शिपाई निघाले ते सिसिलीतल्या मेसिना गावी. १८८२ चा डिसेंबर. रशियन प्राणिशास्त्रज्ञ इल्या मेचनिकॉफच्या घरची मंडळी सर्कशीतली माकडं पाहायला गेलेली, हा एकटाच तारामाशाच्या पारदर्शक अळ्या बघत बसलेला. अळीच्या अंगात हिंडणाऱ्या पेशी बाहेरून आलेल्या शत्रूशी झुंजत असतील का, असं त्याच्या मनात आलं. नाताळसाठी सजवलेल्या संत्र्याच्या जातीच्या झाडाचे काटे काढून त्याने अळ्यांना टोचले. रात्रभर झोप नाही. सकाळी पाहतो तर प्रत्येक काट्याभोवती पेशींचा गराडा. भक्षकपेशींची कल्पना इथून उभी राहिली, आणि १९०८ मध्ये त्याला पॉल एर्लिखबरोबर नोबेल मिळालं. (संत्र्याचा संबंध आला की नागपूरकराचे कान टवकारतात, ते सोडा.) याच मेचनिकॉफच्या हाताखाली ओडेसात वाल्देमार हाफकिन शिकला, आणि त्याने मुंबईत १८९७ साली प्लेगची लस आधी स्वतःला टोचून घेतली. ‘पांढऱ्या पेशी म्हणजे शरीराचे सैनिक’ हे जे आपण सगळ्यांनी शाळेत घोकलं, ते त्या एका रात्रीचं देणं.

एर्लिखचं ऋण वेगळं. पेशी रंगवायची कला त्याची. कोणती पांढरी पेशी कोणता रंग उचलते, त्यावरून न्यूट्रोफिल, इओसिनोफिल, बेसोफिल ही नावं पडली. मालिकेतली इओसिनोफिल गुलाबी पोशाखात दिसते, तो चित्रकाराचा लहरीपणा नव्हे. इओसिन या रंगाने ती पेशी स्लाइडवरही गुलाबीच दिसते.

विसाव्या शतकात सोंगं भराभर बदलली. जर्मनीत फ्रित्झ कानने १९२६ मध्ये माणूस म्हणजे कारखाना असं भलंमोठं चित्र काढून घेतलं: यकृतात पट्टे फिरताहेत, डोक्यात बाबू बसलेत. १९४३ मध्ये, ऐन महायुद्धात, डिस्नेने लसीकरणावर छोटा चित्रपट काढला. त्यात शरीर म्हणजे शहर आणि लस म्हणजे त्या शहराला मिळालेली हत्यारं बनवण्याची आगाऊ सूचना. २००१ च्या अमेरिकी ‘ऑस्मोसिस जोन्स’ या चित्रपटात पांढरी पेशी थेट पोलीस झाली, शरीरात महापौरही निवडून आला.

या सगळ्यांत माझ्या मते खरा पूर्वज एकच, फ्रान्सच्या अल्बेर बारिए यांची १९८७ ची २६ भागांची मालिका. तिचं नाव मराठीत सांगायचं तर ‘एक होतं जीवन’. तांबड्या पेशी पाठीवर प्राणवायूचे बुडबुडे बांधून चालताहेत, म्हातारी तांबडी पेशी नव्या पिढीला रस्ते समजावून सांगतेय. घाई नाही, आरडाओरडा नाही. शिकवायचं म्हणून काढलेली मालिका इतकी रसाळ क्वचितच होते.

जपानी मालिकेचा जन्म याहून घरगुती. आकाने शिमिझु ही चित्रकार मुलगी. तिची धाकटी बहीण शाळेत पेशींचा धडा शिकत होती, डोक्यात राहत नव्हता, म्हणून तिने ताईला चित्रं काढून दे म्हटलं. त्यातून छोटी चित्रकथा झाली, ती मासिकाच्या नवोदितांच्या स्पर्धेत गेली, आणि २०१५ च्या जानेवारीपासून ‘मंथली शोनेन सिरियस’मध्ये ती क्रमशः यायला लागली. २०२१ च्या जानेवारीत संपली, सहा खंड झाले. डेव्हिड प्रॉडक्शन या स्टुडिओने २०१८ च्या जुलैत पडद्यावर आणली, दुसरं पर्व २०२१ मध्ये, आणि २०२४ च्या डिसेंबरात खरी माणसं घेऊन काढलेला चित्रपटही आला. तो नाही पाहिला तरी चालेल.

इथे पेशी नागरिक नाहीत, सैनिकही आधी नाहीत. त्या नोकरदार आहेत. नायिका एई-३८०३ ही तांबडी पेशी कुरियरवाल्या पोरीसारखी खोकी घेऊन फिरते, पत्ता हमखास चुकते, आणि उशीर झाला म्हणून हळहळते. तिच्या वाटेत येणारा यू-११४६ हा न्यूट्रोफिल म्हणजे सुरी घेतलेला, रक्ताने माखलेला, पण बोलायला मऊ असा गडी. पहिल्याच भागात न्यूमोकॉकस हा न्यूमोनियाचा जिवाणू शिरतो आणि शेवटी शिंकेच्या रॉकेटमधून त्याची बाहेर रवानगी होते. शास्त्र बरंचसं ठीक. खोड काढायचीच तर काढता येते: तांबडी पेशी रस्ता चुकत नाही, कारण रस्ता निवडणं तिच्या हातात नसतं. हृदय ढकलतं, ती जाते, साधारण मिनिटाभरात फेरी पुरी होते. आणि न्यूट्रोफिलचं आयुष्य फार तर काही दिवसांचं. इतकी लांब दोस्ती त्याला परवडणार नाही.

नागपूरकराने पाहावा असा भाग अकरावा, उष्माघाताचा. ज्या गावाने २०१३ च्या मे महिन्यात ४७.९ अंश पाहिले, जिथे नवतपा, म्हणजे मेअखेरचे कडक उन्हाचे नऊ दिवस, लागला की दुपारचे रस्ते ओस पडतात, तिथे ‘ऊन लागणं’ कोणाला समजावून सांगावं लागत नाही. पण आत नक्की काय होतं ते या भागात दिसतं. त्वचेकडच्या रक्तवाहिन्या रुंदावतात, गरम रक्त वर आणलं जातं, घामाच्या ग्रंथी जिवाच्या आकांताने पाणी फेकतात, पण हवा दमट म्हणून घाम वाळतच नाही, आणि यंत्रणा हात टेकते. आपल्याकडे हे कुलरवरून कळावं. मे महिन्याच्या कोरड्या हवेत ताट्यांवरचं पाणी झपाट्याने उडतं आणि खोली गार होते. जूनचा पहिला पाऊस पडला की तोच कुलर ओला वारा फेकतो आणि अंग चिकचिकतं. घामाचंही तेच. बाहेरची हवा अंगापेक्षा गरम झाली की शरीरापाशी उष्णता टाकायचा दुसरा मार्गच उरत नाही. घाम उडाला पाहिजे, आणि उडायला तो आधी अंगात पाणी म्हणून असला पाहिजे. मालिकेत शेवटी सलाईन लागतं. पेशींना तो पाऊस वाटतो. आमच्या घरात त्या दृश्याला आई म्हणाली, ‘आधी पन्हं पाजलं असतं तर?’

मूळ मालिकेची एक काळी बहीणही आहे, ‘कोड ब्लॅक’. तिचं शरीर सिगारेट, दारू आणि ताणाने पोखरलेलं. नावातला ‘ब्लॅक’ हा जपानी नोकरदारांच्या तोंडचा शब्द: माणसं पिळून काढणाऱ्या कंपनीला तिकडे ‘काळी कंपनी’ म्हणतात. २०२१ च्या जानेवारीत दुसऱ्या पर्वाच्या जोडीने ती आली. ती पाहताना मला सारखं वाटत राहिलं की यात खर्ऱ्याचा भाग हवा होता. गुटख्यावर महाराष्ट्रात २०१२ मध्ये बंदी आली. पानठेल्यावर पन्नीत सुपारी, तंबाखू, चुना घेऊन खर्रा घोटण्याचा आवाज काही थांबला नाही. आणि गालाच्या आत जे घडतं ते खरोखर ‘काळ्या कंपनी’चंच काम आहे. सुपारीतल्या अरेकोलिनने तिथल्या फायब्रोब्लास्ट पेशींना ‘बनवा, आणखी बनवा’ असा हुकूम सुटतो. त्या कोलॅजनचे धागे विणत सुटतात, जुने धागे मोडायचं काम मागे पडतं. गाल आतून दोरखंडासारखा ताठतो. मग दंतवैद्य सांगतो, तीन बोटं उभी धरून तोंडात घाला, आणि पंचविशीतल्या पोराची दोनही जात नाहीत. त्यातल्या काहींचा पुढे कर्करोग होतो.

पण विदर्भाची खरी गोष्ट नायिकेपाशीच येते, तांबड्या पेशीपाशी. दोन्ही पर्वांत ती सांगितलेली नाही.

तिच्या खोक्यात काय असतं? एका तांबड्या पेशीत हिमोग्लोबिनचे सुमारे २७ कोटी रेणू, आणि प्रत्येकावर प्राणवायूच्या चार रेणूंची जागा. या हिमोग्लोबिनच्या बीटा साखळीत सहाव्या जागी ग्लुटामिक आम्लाऐवजी व्हॅलिन बसलं, की झाला सिकलसेल हा रक्ताचा आजार. हा एवढासा फरक व्हर्नन इनग्रॅमने १९५६-५७ मध्ये दाखवला. त्याआधी १९४९ मध्ये लायनस पॉलिंगने हा रेणूचाच आजार असल्याचं सांगितलं होतं, आणि त्याही आधी १९१० मध्ये शिकागोच्या जेम्स हेरिकने एका रुग्णाच्या रक्तात विळ्यासारख्या पेशी पाहून त्यावर लेख लिहिला होता. भारतात या पेशी १९५२ मध्ये निलगिरीतल्या आदिवासींत सापडल्या. सहा वर्षांनी, १९५८ मध्ये, शुक्ला आणि सोळंकी या नागपूरच्या डॉक्टरांनी मध्य भारतातला सिकलसेल ‘लॅन्सेट’मध्ये मांडला. तेव्हापासून ‘एएस पॅटर्न’ आणि ‘एसएस पॅटर्न’ हे शब्द इथल्या बोलीत इतके रुळले की शाळा अर्धवट सोडलेली बाईदेखील ते बिनचूक वापरते. एएस म्हणजे वाहक, एसएस म्हणजे रुग्ण. दोघंही एएस असले तर प्रत्येक खेपेला मूल एसएस होण्याची शक्यता चारात एक. गडचिरोलीच्या गोंड-माडियांपासून नागपूरच्या वस्त्यांपर्यंत लग्नाच्या बोलण्यांत हा हिशेब निघतो, आणि कधी लपवलाही जातो. हे जनुक इतकं टिकलं तरी कसं, याचं उत्तर मलेरियात आहे: वाहकाला गंभीर मलेरियापासून बरंच संरक्षण मिळतं, हे अँथनी अॅलिसनने १९५४ मध्ये दाखवलं.

मालिकेच्या भाषेत सांगायचं तर यातली क्रूर गोष्ट वेळेची आहे. एसएस रुग्णाची तांबडी पेशी खोकं घेऊन निघते तेव्हा बऱ्यापैकी धडधाकट असते. ती पत्त्यावर पोचते, प्राणवायू देते, आणि हात रिकामे झाले की अंग आखडतं. प्राणवायू सुटलेले रेणू एकमेकांना चिकटून लांब काठ्या होतात, पेशी विळ्यासारखी वाकते. गल्ली अरुंद, मागून दुसरी येते, तिसरी येते, वाहतूक तुंबते. पलीकडच्या हाडाला रक्त मिळेनासं होतं, आणि पोर रात्रभर पाय धरून रडतं. चांगल्या पेशीचं आयुष्य १२० दिवस, हिचं १०-२० दिवस. म्हणून रक्त कायम कमी. अपंगत्वाच्या २०१६ च्या कायद्यात या आजाराचा समावेश झाला आणि २०२३ च्या जुलैत सिकलसेल निर्मूलनाचं राष्ट्रीय अभियान सुरू झालं, २०४७ ची मुदत धरून.

भाच्याला मी हे सगळं सांगितलं नाही, एवढंच सांगितलं की काहींच्या अंगात त्या तांबड्या पेशीताईचं अंग आखडतं. त्याने विचारलं, ‘मग कळते कसं, कोणाच्या अंगात अशी ताई हाय?’ ती तपासणी फार साधी आहे. बोटाच्या टोकाचं थेंबभर रक्त एका छोट्या नळीतल्या द्रावणात टाकतात. नळीमागे काळ्या रेघा ओढलेलं कार्ड धरतात आणि पाच मिनिटं थांबतात. द्रावणातून रेघा स्वच्छ दिसल्या तर नाव टिपून पुढच्याला बोलावतात. गढूळ होऊन रेघा दिसेनाशा झाल्या, तर नळीवर खूण करून ते रक्त इलेक्ट्रोफोरेसिसला, म्हणजे विजेच्या प्रवाहाने हिमोग्लोबिनचे प्रकार वेगळे करणाऱ्या तपासणीला पाठवतात. तिथे पट्टीवर दोन पट्टे उमटतात की एकच, त्यावरून एएस की एसएस ते लिहिलं जातं.