काउबॉय बीन्स

काउबॉय बीन्स : अमेरिकेच्या संयुक्त संस्थानांच्या नैर्ऋत्य भागातील गुराख्यांशी जोडला जाणारा, घेवड्याच्या सुक्या दाण्यांचा दाट पदार्थ. या एका नावाखाली आज दोन वेगळे पदार्थ येतात आणि पाककृतींच्या संग्रहांत त्यांची बरीच सरमिसळ झालेली आढळते. एक तिखट-खारट : पिंटो प्रकारचा घेवडा, खारवलेले डुकराचे मांस, कांदा, लसूण आणि सुकी लाल मिरची एवढ्याच सामग्रीवर तासन्‌तास शिजवलेला. दुसरा आंबटगोड : डबाबंद घेवडा, गोमांसाचा खिमा, बेकन (खारवून धुरावलेले डुकराचे मांस), टोमॅटो केचप, मोहरीची पेस्ट आणि तपकिरी साखर किंवा मोलॅसिस (साखर काढून उरणारा काळा पाक) यांचा. घराघरांत दुसरा जास्त होत असला, तरी गुराख्यांच्या वाटेशी नाते सांगण्याचा हक्क पहिल्याचाच अधिक दिसतो.

घेवड्याचे मूळ : मराठीत ‘घेवडा’ हा शब्द सैल आहे. श्रावण घेवड्याच्या कोवळ्या शेंगा, राजम्याचे सुके दाणे आणि काही भागांत चक्क पावटा-वालाच्या शेंगाही या नावाने ओळखल्या जातात. येथे अभिप्रेत आहे तो फॅसिओलस व्हल्गॅरिस या जातीचा सुका दाणा. राजमा, श्रावण घेवडा आणि पिंटो हे तिन्ही याच जातीचे प्रकार आहेत. पावटा व वाल हे मात्र लॅबलॅब प्रजातीतील, जुन्या जगातील कडधान्य असून त्यांचा येथे संबंध नाही.

स्वीडिश वनस्पतिशास्त्रज्ञ लिनीअस यांनी १७५३ मध्ये ही जात नोंदवताना तिचे वसतिस्थान ‘इंडिया’ असे दिले होते. ग्रीक-लॅटिन ग्रंथांतील ‘फॅसेलोस’ किंवा ‘फॅसिओलस’ म्हणजे हाच घेवडा, ही समजूत त्यामागे असावी. तो प्राचीन शब्द बहुधा चवळीला उद्देशून होता, असे आता मानले जाते. एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस पेरूमधील आंकोन येथील थडग्यांत सापडलेले दाणे अभ्यासकांपुढे आले आणि आल्फाँस द कांदोल यांच्यासारख्या वनस्पतिशास्त्रज्ञांनी आशियाई मूळाविषयी शंका घेतली. त्यानंतर पारडे अमेरिका खंडाकडे झुकले. रानटी घेवड्यापासून लागवडीचा घेवडा मध्य अमेरिका (मुख्यतः मेक्सिको) आणि अँडीज पर्वतप्रदेश या दोन ठिकाणी स्वतंत्रपणे घडला, हे आता सर्वसाधारणपणे मान्य आहे. काळाबाबत मात्र एकवाक्यता नाही. ‘काही सहस्रकांपूर्वी’ यापेक्षा नेमका आकडा न देणेच बरे. पिंटो मेक्सिकोकडील शाखेचा आहे, तर मोठ्या दाण्याचा लाल राजमा अँडीज शाखेचा. भारतात घेवडा पोर्तुगीजांच्या काळात आला असावा.

‘पिंटो’ या स्पॅनिश शब्दाचा अर्थ रंगवलेला, ठिपक्यांचा. फिकट बदामी सालीवर तांबूस-तपकिरी शिंतोडे, असे त्याचे रूप असते. सातारा जिल्ह्यातील कोरेगाव परिसराच्या वाघ्या घेवड्याला भौगोलिक मानांकन मिळालेले आहे. त्याच्या अंगावरील पट्ट्या पाहिलेल्यांना पिंटो अगदीच परका वाटणार नाही, कारण जात एकच आहे. पिंटोचे ठिपके मात्र शिजताना विरतात आणि भांड्यातून निघतो तो एकरंगी, गुलाबीसर तपकिरी दाणा.

चकवॅगन व वादाचा मुद्दा : अमेरिकेतील यादवी युद्धानंतर टेक्ससमध्ये मोकाट गुरे अमाप आणि उत्तरेत मांसाला भाव, अशी स्थिती होती. त्यामुळे साधारणतः १८६६ ते १८८६ या दोन दशकांत गुरांचे कळप शेकडो मैल हाकत नेण्याचा धंदा भरभराटला. दोन-तीन हजार गुरे, त्यांच्यामागे डझनभर माणसे आणि दिवसाला १६ ते २४ किमी. मजल, असा एका कळपाचा सर्वसाधारण हिशेब असे. टेक्ससमधील पशुपालक चार्ल्स गुडनाइट यांनी १८६६ मध्ये सैन्याची जुनी गाडी घेऊन तिच्या मागच्या बाजूला कप्प्यांची पेटी बसवली. चकवॅगनची, म्हणजे कळपाबरोबर चालणाऱ्या स्वयंपाकाच्या गाडीची, सुरुवात तेव्हापासून धरतात. पेटीचे झाकण बिजागरीवर खाली पाडले की तेच आचाऱ्याचे टेबल. गाडीच्या तळाशी कातड्याची झोळी टांगलेली असे. तिला ‘कूनी’ म्हणत (स्पॅनिश ‘कुना’, म्हणजे पाळणा, यावरून) आणि तीत वाटेत वेचलेली लाकडे व रानगोवऱ्या साठवत. रात्री सर्व आवरल्यावर आचारी गाडीची दांडी ध्रुवताऱ्याकडे वळवून ठेवी, म्हणजे सकाळी दिशा शोधावी लागत नसे.

‘चक’ या शब्दाबद्दल बरेच लिहिले गेले आहे. गुडनाइट यांच्या चार्ल्स या नावाचे लघुरूप ‘चक’ होते आणि त्यावरून गाडीचे नाव पडले, ही व्युत्पत्ती लोकप्रिय आहे. पण ती मागाहून जुळवलेली वाटते. खांद्याकडच्या मांसाला इंग्रजीत ‘चक’ म्हणण्याचा प्रघात गाडीपेक्षा कितीतरी जुना आहे, तसेच जेवणखाण या अर्थीही बोलीत हा शब्द होताच. आचाऱ्याला ‘कूसी’ म्हणत. हा शब्द स्पॅनिश ‘कोसिनेरो’चा अपभ्रंश असल्याबद्दल फारसे दुमत नाही.

वाद आहे तो या गाडीवर घेवडा रोज शिजत असे काय, याबद्दल. रूढ चित्र असे की, रात्रीच्या शेकोटीवर बिडाचे भांडे लटकत आहे आणि गुराखी थाळ्या भरून घेत आहेत. सुका दाणा स्वस्त, टिकाऊ आणि प्रथिनांनी भरलेला (वजनाच्या सुमारे पाचवा हिस्सा) असल्याने तो गाडीवर असे, यात शंका नाही. अडचण वेळेची आहे. भिजवलेला पिंटोही उघड्या भांड्यात दोन-तीन तास घेतो आणि गाडी तर दिवसभर चालती. म्हणून चालत्या कळपाबरोबर आंबवलेल्या पिठाची बिस्किटे, खारवलेले मांस व कॉफी हेच मुख्य आणि घेवड्याचा बेत मुक्काम लांबला तर, असे मानणे अधिक सयुक्तिक ठरते. गुरे गोळा करून डागण्या देण्याच्या हंगामात तळ एकाच जागी काही दिवस राही. तेथे मात्र घेवडा नक्कीच रटरटत असणार. ‘मेक्सिकन स्ट्रॉबेरी’ हे त्याचे थट्टेचे नावही अशा तळांवरचेच वाटते. स्वतः गुराख्याने आपल्या रोजच्या खाण्याला ‘काउबॉय बीन्स’ म्हटले असण्याचा संभव कमी आहे. काटेरी तार (जोसेफ ग्लिडन यांचे एकस्व, १८७४), रेल्वेचा विस्तार आणि १८८६–८७ चा भीषण हिवाळा यांनी हा धंदा मोडला. नाव बहुधा त्यानंतरच्या स्मरणरंजनातून आले.

मेक्सिकन वारसा : गुरे राखण्याची विद्या, तिची शब्दावली आणि घेवड्याचे हे भांडे या तिन्ही गोष्टी अमेरिकन गुराख्याने मेक्सिकोच्या ‘व्हाकेरो’कडून, म्हणजे तिकडच्या गुराख्याकडून, घेतल्या. मेक्सिकोत नुसत्या भांड्यात शिजवलेल्या घेवड्याला ‘फ्रिहोलेस दे ला ओया’ म्हणतात. त्यातच बेकन, चोरिझो (डुकराच्या मांसाचा मसालेदार सॉसेज), टोमॅटो, हिरवी मिरची व कोथिंबीर पडली की ‘फ्रिहोलेस चारोस’, म्हणजे घोडेस्वारांचा घेवडा; बिअर घातली की ‘बोराचोस’, म्हणजे झिंगलेला. उत्तर मेक्सिकोत चारोस भाजलेल्या मांसाबरोबर वाटीतून, रश्शासकट वाढतात. टेक्ससच्या पाककृतींत जिरे ठळक असते. कॅनरी बेटांवरून १७३१ मध्ये सान अँटोनियोत येऊन राहिलेल्या कुटुंबांनी ते रुजवले, असे सांगितले जाते.

आंबटगोड प्रकार : याचे गोत्र वेगळे आहे. अमेरिकेच्या ईशान्येकडील न्यू इंग्लंडमध्ये पांढरा बारीक घेवडा मोलॅसिस व खारवलेल्या मांसाबरोबर भट्टीत रात्रभर मुरवण्याची रीत जुनी आहे. चवीला मोलॅसिस काकवीच्या वळणाचा, पण कडसर असतो. डबाबंदीच्या धंद्याने हा पदार्थ देशभर नेला आणि त्याला टोमॅटोचा रस्सा दिला. विसाव्या शतकाच्या मध्यानंतर अंगणातील बार्बेक्यूच्या पंगतींत त्यात खिमा मिसळला गेला आणि नाव पश्चिमेचे चिकटले, असे दिसते. ज्याच्या ताब्यात मालकाची तीन हजार गुरे असत, तो त्यातले जनावर सहसा कापत नसे. विकायला नेलेल्या मालाला हात लावायचा नाही, हा साधा व्यवहार. त्यामुळे खिमा हा घटक तर उघडच नंतरचा.

घरी शिजवणे : पाव ते अर्धा किलो दाणा ताटात पसरून निवडतात, पिंटोत त्याच रंगाचे खडे हमखास निघतात. तो रात्रभर भिजत घालतात. मीठ आधी घातले तर दाणा टणक राहतो, ही समजूत सार्वत्रिक असली तरी बरोबर नाही. उलट भिजवणीच्या पाण्यातील मिठाचे सोडियम सालीतील कॅल्शियमची जागा घेते आणि साल मऊ पडते. दाण्याला खरोखर अडवते ते आम्ल. पेशी जोडून ठेवणारे पेक्टिन आम्लात विरघळत नाही, म्हणून टोमॅटो, केचप किंवा व्हिनेगर आधी पडले की दाणा तासन्‌तास चरबट राहतो. मोलॅसिसमध्ये आम्ल व कॅल्शियम दोन्ही असल्याने तोही याच पंगतीतला. डाळ शिजल्याशिवाय आमसूल किंवा चिंच घालू नये, हा आपल्याकडचा दंडक याच कारणाने खरा आहे.

म्हणून क्रम असा : दाणा आधी साध्या पाण्यात मांसाच्या तुकड्यासह बोटचेपा होऊ द्यायचा, आणि मग बेकनच्या चरबीत परतलेला कांदा-लसूण, मिरची, टोमॅटो व गोड घालून पाऊणएक तास मंद आचेवर मुरवायचा. शिजला की नाही याची जुनी परीक्षा सोपी आहे. दोन-चार दाणे चमच्यात घेऊन त्यांवर फुंकर मारायची. साल सुटून वळली तर झाले. रस्सा पातळ वाटल्यास मूठभर दाणे भांड्याच्या कडेला चेपून घालतात, पीठ लावत नाहीत. उंचावर पाणी कमी तापमानाला उकळते. न्यू मेक्सिकोतील सँटा फे (सुमारे २,१०० मी.) येथे ते साधारण ९३° से. ला उकळत असल्याने वेळ बराच वाढतो. प्रेशर कुकरने हा प्रश्न मिटतो.

विषबाधा : कच्च्या घेवड्यात फायटोहिमॅग्लुटिनिन हे लेक्टिन (एका गटातील प्रथिन) असते. लाल राजम्यात त्याचे प्रमाण सर्वांत जास्त आढळते. चार-पाच कच्चे दाणेही एक ते तीन तासांत मळमळ, उलट्या व जुलाब घडवण्यास पुरेसे होतात. अमेरिकेच्या अन्न व औषध प्रशासनाच्या मार्गदर्शनानुसार दाणा किमान ५ तास भिजवावा, ते पाणी टाकून द्यावे आणि ताज्या पाण्यात किमान ३० मिनिटे खळखळून उकळावा. धोका अर्धवट तापमानाचा आहे : ८०° से. च्या आसपास घोळत राहिलेला दाणा कच्च्यापेक्षाही अधिक विषारी ठरू शकतो. त्यामुळे विजेच्या स्लो कुकरमध्ये सुका दाणा थेट टाकू नये. गंमत अशी की, हे उपकरण मुळात घेवड्यासाठीच निघाले. अर्व्हिंग नॅक्सन यांचे भांडे ‘बीनरी’ नावाने विकले जाई आणि १९७१ मध्ये तेच ‘क्रॉक-पॉट’ म्हणून घरोघरी गेले. डबाबंद दाणा आधीच शिजलेला असल्याने त्याला ही अडचण नाही. पोटात वायू होतो तो वेगळ्या कारणाने. रॅफिनोज व स्टॅकिओज या शर्करा पचवणारे विकर माणसाजवळ नसल्याने त्या मोठ्या आतड्यातील जीवाणूंच्या वाट्याला येतात. भिजवणीचे पाणी टाकल्याने त्या काही अंशी घटतात.

प्रादेशिक भेद : कॅलिफोर्नियातील सँटा मरीया खोऱ्यात पिंकिटो नावाचा बारीक गुलाबी दाणा वापरतात आणि तो भाजलेल्या गोमांसाबरोबर वाढतात. पिंटोचे सर्वाधिक पीक आता नॉर्थ डकोटात येते. कोलोरॅडोतील डव्ह क्रीक स्वतःला पिंटोची जागतिक राजधानी म्हणवते. न्यू मेक्सिकोतील माउंटनएअरही एकेकाळी तसेच म्हणवत असे, परंतु १९५० च्या दशकातील अवर्षणाने तेथील कोरडवाहू पीक संपले. न्यू मेक्सिको राज्याने १९६५ मध्ये मिरची व फ्रिहोलेस यांना राज्यभाज्यांचा दर्जा दिला. टेक्ससने २००५ मध्ये चकवॅगनला राज्यवाहन ठरवले.