वायरलेस ट्रॅकबॉल घेताय? आधी हात बघा, मग मॉडेल
(नौपाडा, ठाणे येथील आमच्या दुकानातर्फे ग्राहकांसाठी)

ट्रॅकबॉल मागायला येणाऱ्यांची तक्रार बहुतेक वेळा एकच असते: माऊस धरून हात दुखतो. वागळे इस्टेटमधले अकाउंटंट, रोज ऐरोली-महापेला जाणारे आयटीवाले, घोडबंदरला घरीच डायनिंग टेबलावर लॅपटॉप मांडणारे, सगळ्यांची हीच. त्यावर आम्ही लगेच विचारतो, नेमकं कुठे दुखतं? माऊस सरकवताना मनगटापासून खांद्यापर्यंत सगळं हलत असतं. ट्रॅकबॉल मात्र जागचा हलत नाही, त्यावरचा बॉल बोटांनी फिरवायचा असतो. म्हणजे हाताचं काम संपत नाही, ते बोटांवर जातं. कुठल्या बोटावर जाणार, हे ठरवूनच खरेदी करा.

अंगठ्याचा की बोटांचा?

लॉजिटेकचे एम५७५ आणि एमएक्स एर्गो हे अंगठ्याने चालवायचे. ३४ मिलिमीटरचा बॉल डाव्या अंगाला असतो आणि बाकी आकार माऊससारखाच, त्यामुळे सवय लवकर होते. पण पॉइंटर हलवायचं सगळं काम एकट्या अंगठ्यावर पडतं. त्याच अंगठ्याने आपण लोकलमध्ये तासभर मोबाइलही चालवतो. तुमच्या अंगठ्याच्या बुडाशी किंवा मनगटाच्या अंगठ्याकडच्या बाजूला आधीच दुखत असेल, तर हा प्रकार घेऊ नका. कोणी कितीही कौतुक केलं तरी नको.

अशांना आम्ही बोटांनी फिरवायचा ट्रॅकबॉल दाखवतो. केन्सिंग्टनच्या वायरलेस एक्स्पर्ट माऊसला नाव माऊसचं असलं तरी तो ट्रॅकबॉल आहे. त्याचा ५५ मिलिमीटरचा बॉल मधोमध बसतो आणि दोन-तीन बोटांनी फिरतो, त्यामुळे भार वाटला जातो. दोन्ही बाजू सारख्या असल्याने डावखुऱ्यांनाही चालतो. एम५७५ डावखुऱ्यांच्या उपयोगाचा नाही. एलेकॉम डाव्या हातासाठी अंगठ्याचा ट्रॅकबॉल बनवते, पण तो मागवावा लागतो. एक्स्पर्टची अडचण म्हणजे आकार. तो रुंद आहे आणि उंचही, त्यामुळे सोबत येणारा मनगटाचा आधार काढून टाकलात तर मनगट वरच्या बाजूला वाकून राहतं. कीबोर्डच्या सरकत्या फळीवर ठेवणार असाल तर आधी फळी मोजून या.

बोटांना मुंग्या येत असतील, रात्री हात बधिर होत असेल, तर आधी डॉक्टरांना दाखवा. ट्रॅकबॉल हे औषध नाही, आणि तसं सांगून आम्ही तो विकत नाही.

एमएक्स एर्गो सपाट ठेवता येतो किंवा २० अंश तिरका करता येतो. तिरका केल्यावर तळवा पूर्ण पालथा ठेवावा लागत नाही, आणि बऱ्याच जणांना तेवढ्यानेच बरं वाटतं. एम५७५ला ही सोय नाही.

तुमचं काम काय, तेही सांगा

टॅली आणि एक्सेलवाल्यांना नंबर पॅड सोडवत नाही. पण त्या पॅडमुळे ट्रॅकबॉल उजवीकडे लांब जातो आणि खांदा ताणला जातो. दोन्ही बाजू सारख्या असलेला ट्रॅकबॉल कीबोर्डच्या डावीकडे ठेवून बघा. उजवा हात आकड्यांवर आणि डावा बॉलवर, ही रचना जमली की खांदा मोकळा राहतो. बटण दाबून लांब सिलेक्शन करताना बोटं अवघडत असतील तर विंडोजमधलं क्लिकलॉक चालू करा, म्हणजे बटण थोडा वेळ दाबून सोडलं तरी ते दाबलेलंच धरलं जातं.

ऑटोकॅडवर काम करणाऱ्यांनी एक्स्पर्ट घेताना विशेष बघावं. त्यात चाकाऐवजी बॉलभोवती कडं आहे, ते फिरतं पण दाबलं जात नाही. ड्रॉइंग सरकवायला चाक दाबायची सवय असेल, तर ते काम सॉफ्टवेअरमधून दुसऱ्या बटणाला द्यावं लागतं.

रिसीव्हर, ब्लूटूथ, सेल

वर सांगितलेले एम५७५, एमएक्स एर्गो आणि एक्स्पर्ट हे तिन्ही यूएसबी रिसीव्हरवर (कॉम्प्युटरच्या यूएसबी पोर्टला लावायचा छोटा तुकडा) किंवा ब्लूटूथवर चालतात. जुन्या डेस्कटॉपला ब्लूटूथ नसतं, तिथे रिसीव्हरच लागतो. तो पत्र्याच्या कॅबिनेटमागे लावला की पॉइंटर अडखळतो. निळ्या यूएसबी ३ पोर्टशेजारी लावला तरी तेच होतं, कारण त्या पोर्टचा त्रास २.४ गिगाहर्ट्झच्या सिग्नलला होतो. पुढच्या पोर्टला किंवा छोट्या एक्स्टेन्शन वायरीवर लावा. ट्रॅकबॉल बिघडला म्हणून आमच्याकडे आणतात, त्यातले कितीतरी एवढ्यानेच नीट चालू लागतात. ऑफिसचा लॅपटॉप असेल तर यूएसबी आणि ब्लूटूथपैकी काय चालू ठेवलं आहे, ते आयटी विभागाला विचारून घ्या. रिसीव्हर हरवू नका. लॉजिटेकचे युनिफाइंग आणि बोल्ट हे दोन प्रकारचे रिसीव्हर दिसायला सारखेच, पण एकाचं काम दुसऱ्यावर होत नाही.

एम५७५ला एक डबल-ए सेल लागतो आणि कंपनी रिसीव्हरवर २४ महिन्यांपर्यंत सांगते. एक्स्पर्टला दोन सेल लागतात. एमएक्स एर्गोची बॅटरी आतच असते आणि चार्ज करावी लागते. आमचं मत सेलच्या बाजूने आहे, कारण सेल कोपऱ्यावरच्या दुकानात मिळतो आणि आतली बॅटरी काही वर्षांनी थकली की बदलणं सोपं नसतं. गणपतीला किंवा मेमध्ये बरेच दिवस गावी जाणार असाल तर सेल काढून ठेवा, गळला तर पट्ट्या गंजतात.

सवय आणि सफाई

पहिले काही दिवस पॉइंटर हव्या त्या जागी थांबणार नाही, क्लिक करताना बॉल हलेल. वेग कमी ठेवून सुरुवात करा आणि जमेल तसा वाढवा. महिन्याच्या २० तारखेला जीएसटीचं रिटर्न भरायचं असेल तर त्या आठवड्यात बदल करू नका. जुना माऊस जवळ असू द्या.

बॉल ज्या तीन छोट्या ठिपक्यांवर टेकतो, तिथे घाम, तेलकटपणा आणि धूळ साचून थर बसतो. आपल्याकडच्या दमट हवेत आणि पावसाळ्यात तो लवकर बसतो. बॉल अडकत फिरू लागला की एम५७५च्या खालच्या भोकातून पेन्सिलीने तो वर ढकला, ठिपके कोरड्या इअरबडने पुसा आणि बॉल मऊ कापडाने. थिनर किंवा तेल अजिबात लावू नका. पुसल्यावर बॉल थोडा वेळ जड वाटतो, वापरात तो आपोआप मोकळा होतो.

दुकानात दोन्ही प्रकार जोडून ठेवलेले आहेत. पाच मिनिटं बॉल फिरवून निर्णय घेऊ नका, स्वतःचा लॅपटॉप आणा आणि नेहमीची फाइल उघडून निवांत काम करून बघा. दुपारी गर्दी कमी असते.