अपाचे की इंजिनएक्स? आधी हे दोघं आले कुठून ते बघू

नाशकात कोणीही स्वतःचा सर्व्हर घेऊन साइट टाकायला निघालं की यातला कोणता वेब सर्व्हर, म्हणजे ब्राउझरने मागितलेली पानं पाठवणारा प्रोग्राम, घ्यायचा हा प्रश्न येतोच, आणि सांगणारा बहुतेकदा स्वतः जे वापरतो तेच सांगतो. मला वाटतं दोघं कुठल्या अडचणीतून जन्मले ते कळलं की अर्धं उत्तर तिथंच मिळतं.

पहिला वेब सर्व्हर टिम बर्नर्स-लीने १९९० मध्ये सर्न या युरोपातल्या संशोधन संस्थेत लिहिला. मग अमेरिकेत एनसीएसए या संशोधन केंद्रातल्या रॉब मॅकूलचा सर्व्हर सगळीकडे पसरला, पण १९९४ ला मॅकूल तिथून गेला आणि काम रखडलं, वापरणारे बिचारे आपापल्या परीने दुरुस्त्या करत बसले. १९९५ मध्ये त्यातल्याच आठ जणांनी ते सगळे पॅच, म्हणजे दुरुस्त्यांचे तुकडे, एकत्र आणले, तोच अपाचे. १९९६ च्या एप्रिलपर्यंत वेब सर्व्हरची गणती करणाऱ्या नेटक्राफ्टच्या मोजणीत पहिला नंबर! वापरणाऱ्यांनीच एकत्र येऊन उभं केलेलं काम आहे हे, मला त्याचं आजही फार अप्रूप वाटतं.

अडचण पुढे आली. जुन्या अपाचेत प्रत्येक कनेक्शनला एक वेगळी प्रोसेस (प्रोग्रामची स्वतंत्र चालणारी प्रत), म्हणजे लासलगावला कांद्याच्या प्रत्येक ट्रॅक्टरपाशी एकेक माणूस उभा करायचा आणि माल उतरेपर्यंत त्याने हलायचं नाही. नेट स्लो असलं की माणसं नुसती अडकून पडतात आणि मेमरी संपते. एकाच मशीनवर दहा हजार कनेक्शन कशी पेलायची ही चर्चा डॅन केगेलने १९९९ मध्ये मांडली. इगोर सिसोएव्हने रशियात २००२ ला इंजिनएक्स लिहायला घेतला, २००४ मध्ये तो सगळ्यांसाठी खुला केला. यात लिलावासारखं, मोजकीच माणसं, जो ट्रॅक्टर तयार त्याच्याकडे वळायचं.

मग अपाचे संपला का, तर नाही, कारण एचटीअ‍ॅक्सेस फाइल. शेअर्ड होस्टिंगला एका मशीनवर शेकडो साइट असतात, या फाइलमुळे मेन सेटिंगला हात न लावता प्रत्येकाला आपल्या फोल्डरमध्ये नियम टाकता येतात, इंजिनएक्स ती फाइल वाचतच नाही. लाइटस्पीड हा तिसरा वेब सर्व्हर ती वाचतो, म्हणून होस्टिंगवाल्यांना तो सोयीचा पडतो. आणि २०१२ च्या २.४ व्हर्जनपासून अपाचेतही ही मोजक्या माणसांची इव्हेंट पद्धत पक्की झालीये, फक्त पीएचपी (साइटचा कोड लिहायची भाषा) अपाचेच्या आतल्या जुन्या मॉड्यूलने चालवत असाल तर तिचा फायदा मिळत नाही, हे बरेच जण विसरतात.

२०१५ च्या सिंहस्थात ओळखीतल्या एका लॉजची साइट पर्वणीच्या आदल्या दिवशी बंद पडली, छोटा सर्व्हर, वर अपाचे, आणि रामकुंडावरच्या गर्दीतून मोबाइलवर रडतखडत उघडणारी माणसं. रात्री आम्ही अपाचेच्या पुढे इंजिनएक्स बसवला, फोटो त्यानेच द्यायचे, बाकीच्या कामाला मागे अपाचे तसाच ठेवला, कोडची एक ओळही बदलली नाही. २०२७ च्या सिंहस्थालाही तीच मांडणी ठेवणार आहोत.