कधीही क्रॅश होणारा कॉम्प्युटर: कारण शोधायचं कसं?

रोज एकाच कामाला बंद पडणारा कॉम्प्युटर दुरुस्त करणं त्यामानाने सोपं असतं. खरा छळ करतो तो आज दोनदा बंद पडून पुढचे चार दिवस गुमान चालणारा. मग बहुतेक जण विंडोज नव्याने टाकतात, रॅम बदलतात, ड्रायव्हर अपडेट करतात, तेही एकाच संध्याकाळी. त्यानंतर बिघाड गेला तरी कशाने गेला ते कळत नाही, आणि राहिला तर पैसे गेले ते गेलेच.

आधी तो बंद पडतो म्हणजे नेमकं काय होतं ते बघा. निळा स्क्रीन (विंडोज ११ च्या नव्या आवृत्त्यांत तो संदेश काळ्या स्क्रीनवर येतो) येत असेल, तर विंडोजच्या कर्नलला, म्हणजे तिच्या गाभ्याला, काहीतरी बिघडलेलं दिसलं आणि डेटा खराब होऊ नये म्हणून त्यानेच काम थांबवलं. चित्र गोठून आवाज एकाच सुरावर अडकत असेल, तर ग्राफिक्स कार्ड, त्याचा ड्रायव्हर किंवा रॅमकडे बोट जातं. काही न दाखवता क्षणात काळोख होत असेल, तर संशय वीजपुरवठ्यावर, तापण्यावर किंवा मदरबोर्डवर. मात्र निळा स्क्रीन डोळ्यांना दिसण्याआधीच मशीन रिस्टार्ट झालेलं असू शकतं. म्हणून विंडोजच्या ‘स्टार्टअप अँड रिकव्हरी’ या सेटिंगमधली ‘ऑटोमॅटिकली रिस्टार्ट’ची खूण आधी काढून टाका.

मग इव्हेंट व्ह्यूअर, म्हणजे विंडोजची नोंदवही, उघडा. तिथे ‘कर्नल-पॉवर ४१’ ही नोंद दिसली की पॉवर सप्लायला दोषी ठरवायची घाई होते. त्या नोंदीचा अर्थ एवढाच, की मागच्या वेळी विंडोज रीतसर बंद झालं नव्हतं. तुम्ही स्वतः रिसेटचं बटण दाबलंत तरी हीच नोंद होते. उपयोगाची माहिती तिच्या तपशिलात असते. ‘बगचेककोड’ (निळ्या स्क्रीनचा क्रमांक, म्हणजेच स्टॉप कोड) ० असेल, तर निळ्या स्क्रीनची नोंद व्हायलाही वेळ मिळाला नाही. दुसरा आकडा असेल तर तो दशमान पद्धतीत लिहिलेला असतो, तो हेक्साडेसिमलमध्ये (सोळाच्या पटीतल्या मोजणीत) बदलून घ्या. उदाहरणार्थ २९२ म्हणजे १२४, आणि हा स्टॉप कोड सांगतो की हार्डवेअरमधली, दुरुस्त न होणारी चूक थेट विंडोजला कळवली गेली आहे. त्याच वेळेच्या आसपास ‘डब्ल्यूएचईए-लॉगर’च्या, म्हणजे हार्डवेअरच्या चुकांच्या, नोंदी आहेत का, तेही पाहा.

निळ्या स्क्रीनच्या प्रत्येक वेळी ‘विंडोज’ फोल्डरमधल्या ‘मिनिडम्प’मध्ये सहसा एक छोटी फाइल (डम्प) तयार होते. ती विनडीबग या मायक्रोसॉफ्टच्या तपासणी प्रोग्रॅममध्ये उघडली की दोषी म्हणून बरेचदा विंडोजच्या कर्नलचंच नाव येतं. त्याकडे दुर्लक्ष करा, तो फक्त बातमी देणारा असतो. एकच डम्प फारसं काही सांगत नाही, चार-पाच शेजारी ठेवा. दर वेळी तोच ड्रायव्हर आला तर त्याची जुनी किंवा नवी आवृत्ती टाकून पाहा. दर वेळी वेगळा कोड, वेगळी फाइल असेल, तर रॅम तपासायला घ्या.

त्यासाठी रॅम तपासणारा मेमटेस्ट८६+ हा प्रोग्रॅम पेनड्राइव्हवर टाकून कॉम्प्युटर त्यावरून सुरू करा आणि रात्रभर, किमान चार फेऱ्या पूर्ण होईपर्यंत, चालू द्या. एकही चूक दिसता कामा नये. ‘अब्जावधींत एखादी चालेल’ हा हिशेब इथे लागू नाही. चूक आली तर बायोसमध्ये (मदरबोर्डच्या सेटिंगमध्ये) एक्सएमपी किंवा एक्स्पो, म्हणजे रॅमला पाकिटावरच्या वेगाने चालवणारी सेटिंग, बंद करून पुन्हा तपासा, कारण पाकिटावरचा वेग हा बहुधा प्रोसेसरच्या अधिकृत मर्यादेपलीकडचा वेग, म्हणजे ओव्हरक्लॉक, असतो. तरीही चूक येत असेल तर रॅमची एकेक पट्टी एकाच स्लॉटमध्ये लावून पाहा, मग तीच पट्टी दुसऱ्या स्लॉटमध्ये. पट्टी आणि स्लॉट यांतला दोषी कोण, हे असंच वेगळं काढता येतं.

अवकाशातून येणाऱ्या कणांमुळे रॅममधले बिट उलटतात (० चा १ किंवा १ चा ० होतो) ही गोष्ट खरी आहे, पण घरच्या क्रॅशचं खापर त्यांच्यावर फोडू नये. गूगल आणि टोरांटो विद्यापीठाच्या संशोधकांनी २००९ मध्ये सर्व्हरमधल्या रॅमचा अभ्यास प्रसिद्ध केला. एकदा चूक केलेली पट्टी पुन्हा चुकण्याची शक्यता बरीच जास्त होती, म्हणजे दोष बहुतेकदा त्या भागातच होता.

पॉवर सप्लाय पकडणं अवघड. १२ व्होल्टची लाइन ११.४ ते १२.६ च्या आत हवी, पण साधा मल्टिमीटर सरासरी दाखवतो आणि काही मिलिसेकंदांची घसरण त्याला दिसतच नाही. त्यापेक्षा भार टाकून बघा. प्रोसेसरवर भार टाकणारं प्राइम९५ एकटं चालतं, ग्राफिक्स कार्डवर भार टाकणारं फरमार्क एकटं चालतं, दोन्ही एकत्र सुरू केल्यावर मशीन बंद पडतं, असं असेल तर संशय पक्का होत जातो. ग्राफिक्स कार्डची पॉवर मर्यादा ७० टक्क्यांवर आणल्यावर क्रॅश थांबले तर आणखी एक पुरावा. दोन पॉवर कनेक्टरचं ग्राफिक्स कार्ड एकाच केबलच्या फाट्यांवर चालत असेल तर दोन वेगळ्या केबल लावा. आणि कॅबिनेटच्या रिसेट बटणाची दोन पिनांची वायर मदरबोर्डवरून काढून दोन-चार दिवस वापरून पाहा. अडकणारं बटण हुबेहूब वीज गेल्यासारखा बिघाड दाखवतं, आणि ही तपासणी फुकटात होते.

तापमानाचं कारण लवकर कळतं. आजचे प्रोसेसर ९५ ते १०० अंश सेल्सिअसला आधी वेग कमी करतात, बंद पडण्याची वेळ त्यानंतर येते. डिस्कसाठी स्मार्टच्या (डिस्क स्वतःच्या तब्येतीची ठेवते त्या) ५, १९७ आणि १९९ क्रमांकाच्या नोंदी पाहा. पहिल्या दोन खराब जागांच्या, १९९ ही केबलवरून डेटा जाताना होणाऱ्या चुकांची. १९९ वाढत असेल तर डिस्कआधी साटा केबल बदला.

सॉफ्टवेअर की हार्डवेअर, हेच ठरत नसेल तर पेनड्राइव्हवरून लिनक्स चालवा. तिथेही क्रॅश झाला तर विंडोज पुन्हा टाकून हाती काही लागणार नाही.

आता सगळ्यात दुर्लक्षित भाग, वाट पाहणं. सरासरी तीन दिवसांनी एकदा क्रॅश होत असेल, तर काहीही न बदलता तीन दिवस सुरळीत जाण्याची शक्यता ३७ टक्के असते. म्हणजे एक गोष्ट बदलून तीन दिवस बरे गेले यावरून काहीच ठरत नाही. सरासरीच्या तिप्पट, इथे नऊ दिवस, एकही क्रॅश झाला नाही तर तो निव्वळ योगायोग असण्याची शक्यता ५ टक्क्यांवर येते. एका वेळी एकच बदल, तारीख लिहून, एवढं पथ्य पाळलं तरच हा हिशेब लागू पडतो. म्हणूनच भार टाकणाऱ्या चाचण्या उपयोगी पडतात. तीन दिवसांचा क्रॅश वीस मिनिटांवर आणता आला, तर नऊ दिवसांऐवजी एका तासात उत्तर मिळतं.

काही बिघाड मात्र या सगळ्या चाचण्यांतून निसटतात. इंटेलच्या १३व्या आणि १४व्या पिढीच्या डेस्कटॉप प्रोसेसरमध्ये वाढीव व्होल्टेजमुळे आतली झीज होत असे, आणि गेम सुरू करताना ‘व्हिडिओ मेमरी संपली’ असा दिशाभूल करणारा संदेश येई. इंटेलने २०२४ मध्ये त्यासाठी मायक्रोकोड (प्रोसेसरच्या आतल्या सूचनांची दुरुस्ती) दिला आणि वॉरंटी दोन वर्षांनी वाढवली. मायक्रोकोड बायोस अपडेटमधून येतो आणि पुढची झीज रोखतो. आधीच झिजलेला प्रोसेसर त्याने बरा होत नाही, तो वॉरंटीत बदलून घ्यावा लागतो.