साप चावला की करकचून बांधायचं? अजिबात नको

पावसाळा लागला की आमच्या ग्रामीण रुग्णालयात हे हमखास दिसतं, पायाला सुतळी नाहीतर साडीची चिंधी इतकी आवळलेली की खालचा पाय काळानिळा पडलाय, आणि सोबतचे म्हणतात विष वर चढू नये म्हणून बांधलं. अहो त्याने विष पूर्ण थांबत नाही! उलट रक्तपुरवठा बंद होतो, घोणस चावली असेल तर तिथलं मांस तसंही खराब होतं, त्यात ही भर. ब्लेड मारणं, चोखणं पण नको. साप मारून पिशवीत आणायचीही गरज नाही, नाग, मण्यार, घोणस, फुरसं या चौघांवर एकच इंजेक्शन चालतं. आम्ही थोडं रक्त काचेच्या कोरड्या नळीत २० मिनिटं न हलवता ठेवतो, गोठलं नाही की समजतं, घोणस किंवा फुरशाचं विष भिनलंय.

मण्यारचा तर दंशही धड दिसत नाही, रात्री जमिनीवर झोपलेला माणूस पहाटे पोट दुखतंय म्हणतो, पापण्या जड होतात, तेव्हा सकाळची वाट बघू नका प्लीज.

जोडवी, पैंजण काढा, पाय हलू देऊ नका, चालवू नका, १०८ ला फोन करा. आणि कुणी आधीच बांधलं असेल तर ते घरी सोडू नका, डॉक्टरांसमोरच सोडायचं, कारण एकदम सुटलं की अडकलेलं विष एकाच वेळी अंगात पसरतं.