हकीम इब्न सीनाच्या सात अटी

दहाव्या शतकाच्या अखेरीस बुखारा शहरात एक भाजीवाला होता. त्याचं नाव कुणी लिहून ठेवलं नाही. पण त्याला हिंदी हिशेब येत होता, म्हणजे शून्य आणि नऊ अंक वापरून करायची, भारतातून तिकडे पोचलेली आकडेमोड. एका सरकारी अधिकाऱ्यानं आपल्या मुलाला ती शिकायला या भाजीवाल्याकडे धाडलं. मुलगा लहानच होता, पण दहाव्या वर्षापर्यंत त्याचं कुराण मुखोद्गत झालेलं होतं. हा मुलगा म्हणजे अबू अली इब्न सीना. युरोप त्याला अविसेन्ना म्हणून ओळखतो.

ही आठवण त्यानं स्वतःच सांगून ठेवली आहे. पुढे वजीर झालेल्या आणि राजेरजवाड्यांची नाडी पाहिलेल्या माणसाला आपला भाजीवाला गुरू नोंदवावासा वाटला, याचं मला फार अप्रूप वाटतं.

त्याचा जन्म साधारण ९८० सालचा, बुखाराजवळच्या अफशाना गावातला. सतरा-अठराव्या वर्षी तो आजारी अमीर नूह इब्न मन्सूर याच्यावर उपचार करणाऱ्या वैद्यांत सामील झाला आणि त्यामुळे त्याला राजवाड्यातलं ग्रंथालय खुलं झालं. अ‍ॅरिस्टॉटलच्या ‘मेटाफिजिक्स’ची त्यानं चाळीस पारायणं केली, पाठ झालं, पण अर्थ लागेना. एके दिवशी पुस्तकबाजारात एक विक्रेता मागे लागला, मालकाला पैशांची गरज आहे, तीन दिरहमांत घेऊन टाका. नको नको म्हणत त्यानं ते पुस्तक घेतलं. ते निघालं याच ग्रंथावरचं, आधीच्या पिढीतला तत्त्वज्ञ अल-फाराबी याचं विवेचन. घरी जाऊन वाचलं आणि सगळा उलगडा झाला. दुसऱ्या दिवशी त्यानं गोरगरिबांना दानधर्म केला.

पुढचं आयुष्य धावपळीचं. बुखारावर राज्य करणारी सामानी सत्ता कोसळली आणि तो गुरगंज, गुर्गान, रय, हमदान, इस्फहान असा फिरत राहिला. हमदानला दिवसा वजिराचं काम आणि रात्री शिष्यांना घेऊन लेखन. मध्ये काही महिने किल्ल्यात कैद झाली, तिथेही लिहिणं थांबलं नाही.

हकीम म्हटलं की आपल्याला दवा देणारा माणूस आठवतो. अरबीत या शब्दाचा अर्थ शहाणा, ज्ञानी. तत्त्वज्ञ आणि वैद्य दोघांनाही एकच शब्द, आणि इब्न सीना खरोखरच दोन्ही होता. त्याच्या ‘अल-कानून फित्-तिब’ या पाच खंडांच्या ग्रंथात हे सर्वांत स्पष्ट दिसतं ते दुसऱ्या खंडात. हा खंड एकेरी औषधांचा. मुळ्या, पानं, खनिजं अशी शेकडो द्रव्यं त्यात आली आहेत. पण ती यादी सुरू होण्याआधी तो थांबतो आणि विचारतो: एखादं औषध गुणकारी आहे हे अनुभवातून ओळखायचं कसं? त्यासाठी तो सात अटी घालतो.

पहिली अट, औषधाला बाहेरून चिकटलेला गुण नको. पाणी स्वभावानं थंड, पण तापवलं तर गरम असेपर्यंत ऊब देतं; ती ऊब पाण्याची नव्हे, चुलीची. दुसरी, रुग्णाला एकच साधा आजार हवा. दोन आजार एकत्र असले आणि माणूस बरा झाला, तर औषधानं नेमकं काय केलं ते कळत नाही. तिसरी अट मला सगळ्यांत हुशारीची वाटते: औषध परस्परविरुद्ध प्रकृतीच्या आजारांवर वापरून पाहा. दोन्हींत गुण आला तर सावध व्हा, कारण एका ठिकाणी तो थेट औषधाचा असेल आणि दुसरीकडे आडवाटेनं आलेला. औषधाचा जोर आजाराच्या जोराशी जुळावा, म्हणून सौम्यापासून सुरुवात करून हळूहळू वाढवत जा, ही चौथी. पाचवी वेळेची: परिणाम केव्हा दिसला ते पाहा. सहावी, तोच परिणाम नेहमी किंवा बहुतेक वेळा दिसला पाहिजे. एकदाच दिसला तर तो योगायोग असू शकतो. आणि सातवी, चाचणी माणसाच्या शरीरावर व्हावी. सिंहाला किंवा घोड्याला जे औषध एका तऱ्हेनं लागू पडतं, ते माणसाला वेगळ्या तऱ्हेनं लागू पडू शकतं.

आजच्या औषध-चाचण्यांची ही जशीच्या तशी सुरुवात आहे असं म्हणणं अतिशयोक्तीचं होईल. रुग्णांचे दोन गट पाडणं, कुणाला काय दिलं हे लपवणं, आकडे मोजून तुलना करणं, यातलं काहीच इथे नाही. अनुभवाला अटी घालायचा विचारही त्याच्याआधी ग्रीक वैद्य गॅलेननं केला होता. पण ‘शेजारच्या काकूंना याच काढ्यानं बरं वाटलं’ हा पुरावा आजही आपल्याला पुरेसा वाटतो. त्या माणसानं हजार वर्षांपूर्वी ही पळवाट बंद करायचा प्रयत्न केला होता.

स्वतः रुग्णापाशी बसल्यावर तो कसा विचार करत असे, याचा एक नमुना ‘कानून’मधल्या प्रेमज्वराच्या प्रकरणात आहे. रुग्ण खंगत चाललाय, पण प्रिय व्यक्तीचं नाव सांगत नाही. वैद्यानं नाडीवर बोट ठेवावं आणि एकेक नाव घेत जावं. एखाद्या नावाला नाडी एकदम चळली, की तेच नाव पुन्हा पुन्हा घेऊन पाहावं. मग गल्ली, घर, धंदा असं जोडत जावं आणि नाडी काय सांगते ते पाहावं. आपण हे करून पाहिलंय, असं तो लिहितो. पुन्हा पुन्हा घेऊन पाहावं, यात सहावी अट लपलेली आहे.

बाराव्या शतकात स्पेनमधल्या तोलेदो इथे क्रेमोनाच्या जेरार्डनं ‘कानून’ लॅटिनमध्ये आणला. १४७३ मध्ये तो मिलानला छापला गेला आणि सतराव्या शतकातही युरोपच्या विद्यापीठांत शिकवला जात होता. एवढी सत्ता मिळाली की ग्रंथातल्या चुकाही सत्ता गाजवतात. त्याचं वैद्यक रक्त, कफ, पिवळं पित्त आणि काळं पित्त या चार रसांवर उभं होतं. शरीररचना बरीचशी गॅलेनची होती: हृदयाच्या उजव्या कप्प्यातून रक्त मधल्या पडद्यातल्या अदृश्य छिद्रांतून डावीकडे झिरपतं, वगैरे.

ही चूक पकडली ती ‘कानून’वरच भाष्य लिहिणाऱ्यानं. कैरोतला वैद्य इब्न अल-नफीस यानं १२४२ मध्ये लिहिलं, की हा पडदा जाड आणि भरीव आहे, त्यात दिसणारी किंवा न दिसणारी कसलीही छिद्रं नाहीत. रक्त फुप्फुसात जातं, तिथे हवेशी मिसळतं आणि मग डाव्या बाजूला येतं. रक्ताभिसरण उलगडणारा विल्यम हार्वीचा ग्रंथ यायला अजून चार शतकं होती. हे हस्तलिखित १९२४ मध्ये बर्लिनच्या ग्रंथालयात एका इजिप्शियन डॉक्टरच्या हाती लागलं, तेव्हा कुठे जगाला त्याचं महत्त्व कळलं. मला हा इब्न सीनाच्या वारशाचाच भाग वाटतो.

वाद त्याला नवे नव्हते. त्याच्याच काळातला विद्वान अल-बिरूनी यानं तरुणपणीच त्याला अ‍ॅरिस्टॉटलच्या भौतिकशास्त्राबद्दल अठरा प्रश्न पाठवले होते. बर्फ पाण्यावर तरंगतो कसा? पाणी गोठलं की भांडं का फुटतं? इब्न सीनानं उत्तरं दिली, बिरूनीनं त्यांतल्या काहींवर कडक शब्दांत आक्षेप घेतले आणि पुढचा जबाब इब्न सीनाच्या शिष्यानं लिहिला. काही ठिकाणी बिरूनीची बाजू उघड वरचढ आहे.

पण निरीक्षणात इब्न सीनाही कमी नव्हता. लहानपणी त्यानं आमूदर्या नदीच्या काठी चिकणमातीचे थर पाहिले होते. लोक त्या मातीनं डोकं धूत, जशी आपल्याकडे मुलतानी माती वापरतात. साधारण तेवीस वर्षांनी त्यानं पाहिलं, तर त्याच मातीचा मऊ दगड झाला होता. मातीचा दगड होतो, हे त्यानं ‘किताब अल-शिफा’ या आपल्या ज्ञानकोशासारख्या ग्रंथात या आठवणीच्या आधारानं लिहिलं. डोंगर भूकंपाच्या उचलीनं तयार होतात किंवा वारा-पाण्यानं भोवतालची मऊ जमीन झिजून उरतात, आणि याला फार दीर्घ काळ लागतो, असंही त्यानं मांडलं. हा भाग १२०० च्या सुमारास लॅटिनमध्ये गेला आणि युरोपात तो बराच काळ अ‍ॅरिस्टॉटलचा म्हणून वाचला गेला.

भारतात त्याचं वैद्यक युनानी म्हणून टिकलं. महाराष्ट्रातही युनानीची महाविद्यालयं आहेत. तिथल्या औषधांनाही त्या सात अटी, आणि नंतर विज्ञानानं घातलेल्या आणखी अटी लागू व्हाव्यात, असं मला मनापासून वाटतं. पण या परंपरेचे शब्द दवाखान्याबाहेरही पसरले. मिजाज हा शब्द मुळात युनानी हकिमाचा, शरीरातल्या गुणांच्या मिश्रणासाठीचा. तब्येतही त्याच घराण्यातली. ‘तब्येत कशी आहे?’ असं विचारताना आपण ज्या शब्दाची आठवण जागवतो, तो हकिमांच्या लेखी शरीराला आतून सांभाळणाऱ्या शक्तीचं नाव होता. वैद्य फक्त तिला हातभार लावतो.

१०३७ मध्ये इब्न सीना पोटशुळानं आजारी पडला. त्यानं स्वतःवरच उपचार सुरू केले. एका वैद्यानं त्यानं सांगितलेल्या मात्रेपेक्षा कितीतरी जास्त औषध घातलं. चुकून की मुद्दाम, ते मला माहीत नाही, असं त्याचा शिष्य जुझजानी लिहितो. हमदानला पोचल्यावर इब्न सीनानं औषधं बंद केली. माझ्या शरीराचा कारभार पाहणारा आता तो पाहू शकत नाही, तेव्हा उपचारांचा उपयोग नाही, असं म्हणाला आणि काही दिवसांत गेला.